ओझेलाच्या हातचे केस

अमेरिकेतल्या पाइन ब्लफ गावात ओझेला गेन्सच्या केसांच्या दुकानात शनिवारी सकाळी एक वाद ठरलेला असे. एखादी तरुण मुलगी आरशासमोर मान वळवून वळवून स्वतःची पाठ बघायची आणि विचारायची, "आता माझे केस लांब म्हणायचे का?"

झालं! खुर्च्यांवरच्या सगळ्याजणी न्यायाधीश व्हायच्या.

"खांद्याला टेकले की लांब."

"खांद्याला? अगं, खांद्याला तर माझ्या नवऱ्याचे कानसुद्धा टेकतात. पार ब्राच्या पट्टीखाली गेले पाहिजेत."

"तुझी पट्टी कोण बघायला येतंय! शेपटी बांधली की हलली पाहिजे. हलत नाही ते लांब नाही."

"आणि विकत आणून लावलेले असले तर?"

"विकत घेतले म्हणजे आपलेच की!"

ओझेला यात कधी पडत नसे. मुलीच्या डोक्यातली एक बट दोन बोटांत धरून ती हलकेच खाली ओढायची. कानाशी गुंडाळून बसलेले केस ताणत ताणत छातीपर्यंत यायचे. मग ती सोडून द्यायची आणि बट सुर्रकन वर जायची. "झाले आहेत तेवढे आहेत," एवढंच म्हणायची. मुलगी हिरमुसायची.

मी ओझेलाच्याच वयाची. आम्ही काळ्यांच्या वस्तीतल्या, एका गल्लीतल्या आणि पहिलीपासून एका बाकावरच्या. तिचे वडील लाकडाच्या वखारीत होते आणि आई हॅटी लोकांचे कपडे घरी आणून इस्त्री करायची. रोझेटा थोरली, ओझेला चार वर्षांनी धाकटी. आणि त्या घरात केस होते ते रोझेटाला.

शनिवारी रात्री आई दोघींची डोकी धुवायची आणि रविवारी सकाळी केस सरळ करायला लोखंडी फणी चुलीवर तापवायची. "कान धर!" ती म्हणायची. रोझेटा कान धरून शांत बसायची. फणी फिरली की तिचे केस लोण्यासारखे उलगडत पाठीच्या मध्यावर यायचे आणि आठवडाभर तसेच राहायचे. ओझेलाचं तसं नव्हतं. मानेवरच्या बारीक घट्ट केसांना आमच्या बायका 'स्वयंपाकघर' म्हणतात, का ते देवालाच माहीत. हॅटीबाई वैतागून म्हणायची, "ओझी, तुझं स्वयंपाकघर भारी हट्टी गं!" सकाळी चर्चला जाताना हनुवटीपर्यंत आणलेले ओझीचे केस दुपारी पानात कोंबडी पडेपर्यंत परत कानावर चढलेले असत.

शाळेत तिला 'टकली' म्हणत. टक्कल कुठलं, चांगलं दाट डोकं होतं! पण आमच्याकडे मागून लोंबताना दिसले नाहीत तर ते केस धरतच नसत. चर्चमधल्या बायका रोझेटाची वेणी हातात घेऊन तोलायच्या आणि म्हणायच्या, "हॅटी, पोरीचं सोनं झालं!" ओझी शेजारीच उभी असायची. एकदा आंघोळ करताना तिने ओले केस ओढून बघितले तर ते काखेपर्यंत आले. तशीच ओलेती ती ओरडत बाहेर आली, "रोझेटा, बघ, बघ!" रोझेटा येईस्तोवर ते निम्मे वर गेले होते. "काय बघू?" रोझेटाने विचारलं. तिने चेष्टा केली नव्हती, तिला खरंच काही दिसलं नव्हतं. ओझीने मला ही गोष्ट सांगितली तेव्हा आम्ही दोघी पन्नाशीच्या होतो आणि तरीही सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

बारावीनंतर ओझी लिटल रॉकला केसांचं काम शिकायला गेली. परत आली ती हातात कसब घेऊन. घराच्या पुढच्या खोलीत तिने दोन खुर्च्या टाकल्या. तोवर केस सरळ करायचं औषध आलं होतं. लोखंडी फणीने सरळ केलेलं डोकं धुतलं की फिटायचं, पण हे औषध लावलं की केस सरळ ते सरळच. फक्त खालून नवे उगवले की दर सहा आठवड्यांनी मुळांना पुन्हा लावायचं. बायकांनी रांगा लावल्या. मीही लावली.

दुकानाची खरी जाहिरात रोझेटा होती. ती बँकेत काउंटरवर बसणारी आम्हा काळ्यांमधली पहिली बाई. औषधाने तिचे केस कमरेच्या वर चार बोटांवर येऊन टेकले होते. लोक पैसे काढायला यायचे आणि केस बघत उभे राहायचे. "तुमच्या घराण्यात कुणी चेरोकी आजी होती वाटतं?" असं कुणीतरी विचारायचंच. आमच्याकडे बाईचे केस लांब दिसले की लोक लगेच तिच्या घराण्यात दुसऱ्या कुणाचं तरी, गोऱ्यांचं नाहीतर चेरोकींसारख्या इथल्या मूळ टोळ्यांचं, रक्त शोधायला लागतात. आपल्याच रक्तात लांब केस असतील हे कुणाला पटतच नाही. रोझेटा नुसती हसायची, हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. ओझी मला म्हणायची, "कसली चेरोकी आजी! आमची आजी शेतात कापूस वेचायची आणि डोकं फडक्यात. फडक्याखाली काय होतं ते कुणी बघितलंय?"

तीस वर्षं दर सहा आठवड्यांनी सोमवारी, दुकान बंद असताना, ओझी बहिणीच्या डोक्याला औषध लावायची. मी कितीदा तरी तिथे बसून ऐकलंय.

"चुरचुरतंय का?"

"राहू दे अजून."

"रोझेटा, कातडी लाल झालीय."

"दोन मिनिटं गं. मुळं कच्ची राहिली तर पावसात फुगतील. राहू दे."

आणि ओझी राहू द्यायची. मोठ्या बहिणीपुढे ती बोलत नसे, हे एक. दुसरं तिनेच मला नंतर सांगितलं: "मला ते केस हवे होते मर्टिस. माझ्या डोक्यावर नाहीत तर निदान माझ्या हातचे. कुणी म्हणालं, 'रोझेटाचे केस काय सुंदर!' की मी म्हणायचे, 'माझ्या हातचे आहेत.'"

मग एका वर्षी रोझेटा यायची बंद झाली. "लिटल रॉकला एक चांगली बाई सापडलीय," तिने फोनवर सांगितलं. ओझीच्या जिव्हारी लागलं. आठ महिने दोघी बहिणी चर्चमध्ये एका बाकावर बसायच्या, पण केसांचा विषय निघत नसे. ओझीच्या लक्षात पहिल्याच रविवारी आलं होतं. रोझेटाचा भांग एका जागचा हलत नव्हता. तो केसांचा टोप होता. उत्तम, महागातला टोप, पण टोप. ओझीने ते कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. ती वाट बघत राहिली.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी दुपारी रोझेटा मागच्या दाराने आली. मी तेव्हा ओझीबरोबर ओसरीवर वाटाणे सोलत बसले होते. मी उठायला लागले तर रोझेटा म्हणाली, "बस मर्टिस. तू कुणाला सांगणार नाहीस." मग तिने टोप काढून मांडीवर ठेवला.

माथ्यावर बशीएवढा गोल गुळगुळीत झाला होता, चकचकीत. आणि त्या गोलाच्या भोवतीने विरळ झालेले तरी लांबच लांब केस पाठीवर सोडलेले होते.

"मागचे अजून लांब आहेत," रोझेटा म्हणाली.

ओझी बोटांनी चाचपत होती. "डॉक्टर काय म्हणाला?"

"आतून वण पडलेत. गेले ते येणार नाहीत. औषध थांबवलं तर पुढे पसरणार नाही कदाचित."

"हे मी केलं."

"तू कसं? मीच म्हणायचे ना, राहू दे अजून."

"लावायची मीच ना!"

मग रोझेटा म्हणाली, "कापून टाक सगळे. अर्धं डोकं झाकत फिरायचा कंटाळा आला."

ओझीने कात्री आणली. रोझेटाच्या मागे उभी राहिली. मोकळ्या केसांची वेणी घातली, ती हातात घेतली, सोडली, परत घेतली. कात्री काही उघडेना. शेवटी रोझेटाच मान न वळवता म्हणाली, "काय गं, पन्नास वर्षं माझ्या केसांवर जळत होतीस ना? आज संधी आली तर हात कापतायत?"

ओझी हसली ती हसतच राहिली आणि मग हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते आम्हाला कळलं नाही. रोझेटाचेही खांदे गदगदत होते. त्या भरात ओझीने कापलं. वेणी जमिनीवर पडू द्यायची नाही, पाखरांनी केस घरट्यात नेले की बाईचं डोकं जन्मभर दुखतं, हे आमच्या आयांनी आम्हाला पढवलेलं. म्हणून मागच्या अंगणातल्या पिंपात आम्ही ती जाळली. तीन म्हाताऱ्या बायका नाकाला पदर—म्हणजे आमचे एप्रन—लावून उभ्या होतो. शेजारच्याने कुंपणावरून विचारलं, "काय करपलं?" रोझेटा म्हणाली, "चेरोकी आजी."

त्या शनिवारी ओझीने औषधाचे सगळे डबे बाहेर काढून ठेवले आणि सांगितलं, "आजपासून हे या दुकानात लावणार नाही."

"मग आम्ही काय करायचं? मेंढीसारखं फिरायचं?" एकीने विचारलं.

"फिर. नाहीतर रस्त्यापलीकडे जा. तिथे लावतात."

निम्म्याहून जास्त बायका रस्त्यापलीकडे गेल्या. लपवून काय करू, मीही गेले. मी शाळेत शिकवायचे; वर्गातली मुलं हसतील, मुख्याध्यापक काय म्हणतील, अशी मला भीती होती. जिच्या ओसरीवर मी रोझेटाचं डोकं डोळ्यांनी पाहिलं होतं, तिच्याच दारावरून मान खाली घालून जात होते. वर्षाने माझ्या कानशिलावरचे केस विरळ व्हायला लागले तेव्हा परत आले. ओझीने खुर्ची पुसली आणि म्हणाली, "बस." त्या विषयावर एवढंच.

तिने स्वतःचेही सरळ केलेले केस बोटभर ठेवून कापले होते. छप्पन्नाव्या वर्षी ती पहिल्यांदा स्वतःच्या केसांशी राहायला लागली. वाढवायचे असं काही तिने ठरवलं नव्हतं. तेल लावायची, सैल वेण्या घालायची, रात्री रेशमी फडकं बांधायची आणि विसरायची. सात वर्षं गेली. बाहेरून बघणाऱ्याला तिच्या डोक्यावर एक मोठा, दाट, पांढुरका गोळा दिसायचा, कानांच्या जरा खाली. 'मिस ओझेलाने केस बारीक ठेवलेत,' असंच लोक समजत.

मग तिचा खांदा धरला. चाळीस वर्षं हात वर करून काम केल्याचं ते फळ. स्वतःचं डोकं धुता येईना. रोझेटा म्हणाली, "चल, मी धुते." आयुष्यात तिने कधी बहिणीचं डोकं धुतलं नव्हतं. ओझी मोरीपाशी खुर्ची टाकून मान मागे करून बसली. रोझेटाने पाणी ओतलं, साबण लावला, मोठ्या दातांच्या फणीने खालून वर गुंता सोडवत आली आणि शेवटी सगळे केस एका मुठीत धरून पाठीवर खाली ओढले. ते कमरेच्याही खाली गेले. खुर्चीच्या बैठकीला टेकले.

रोझेटाने मूठ सोडली नाही. "ओझी," ती म्हणाली, "हे माझ्यापेक्षा लांब आहेत."

"असतील."

"माझे कधी इथपर्यंत आले नव्हते."

"पाणी गार होतंय रोझेटा."

"अगं, पण लोकांना हे कधी दिसणारच नाही!"

"तुला दिसले ना," ओझी म्हणाली. "आता पुस. मान अवघडली."

रोझेटाने मला तो प्रसंग फोनवर सांगितला, आणि तिच्या आवाजात मत्सर नव्हता, एक प्रकारचं नवल होतं. ती म्हणाली, "आम्ही दोघींनी सगळा जन्म एकमेकींशी तुलना करत घालवला मर्टिस, आणि मोजमापच चुकीचं होतं." त्यानंतर ती बुधवारी आणि शुक्रवारी दुकानात येऊन बायकांची डोकी धुवायला लागली. डोक्याला रंगीत रुमाल आणि तोंड अखंड चालू. कुणी कमी लांबीची तक्रार केली की रुमाल वर उचलून माथा दाखवायची. तक्रार बंद.

तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात रोझेटा गेली. हृदयविकाराने. शेवटच्या दर्शनासाठी देह तयार करतात त्या अंत्यविधीच्या घरातला माणूस ओझीला म्हणाला, "मिस ओझेला, बाईंचा कुठला टोप घालायचा? घरी चार दिसले."

"एकही नाही," ओझी म्हणाली. "डोकं मी करणार आहे."

मी बरोबर गेले. सकाळचे दहा वाजले होते आणि खिडकीतून भरपूर उजेड येत होता. रोझेटाच्या माथ्यावरचा गोल तसाच होता. भोवतीने पांढरे, बारीक वळ्यांचे केस, फार तर बोटाच्या दोन पेरांएवढे. ओझीने कोमट पाण्याने ते पुसले, एरंडेलाचा थेंब बोटांवर घेऊन मुळाशी चोळला. मग एकेक वळी बोटाभोवती गुंडाळून, जरा धरून सोडली. एक, मग तिच्या शेजारची, मग तिच्या खालची. तिचा दुखरा हात वर राहात नव्हता तेव्हा मी कोपराखाली माझा हात धरला. दोन तास लागले. तेवढ्याशा केसांना दोन तास! माथा तिने झाकला नाही. तिथेही थोडं तेल लावलं.

"चुरचुरत नाही ना?" काम संपता संपता ती पुटपुटली. माझ्याशी बोलली नव्हती ती.

घरी आल्यावर तिने हात धुतले आणि कोलार्डची, म्हणजे कोबीच्या जातीतली, पालेभाजी निवडायला घेतली. दुसऱ्या दिवशी अंत्यविधीनंतर साठ माणसं जेवायला येणार होती आणि पानं अजून नीट धुतलीसुद्धा नव्हती. मी समोर बसून देठं काढून द्यायला लागले.