पारखिणीची मासोळी

संशय घ्यावा कसा, हे मी सत्तरी उलटल्यावर एका बाईकडून शिकलो. वस्तीत तिला पारखीण म्हणत. सोन्याची नव्हे हो, पाण्याची.

झालं असं, की माझी नात कॉलेजातल्या दहा-बारा पोरापोरींबरोबर विटांच्या भट्टीमागच्या एका वस्तीत शुद्ध पाणी द्यायला निघाली. आठवड्याचा मुक्काम होता आणि ऐनवेळी त्यांचा नळ जोडणारा आजारी पडला. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही चला. मी चाळीस वर्षं नळ जोडले. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण पाइपाला कुठल्या मापाचा आटा बसेल ते मी लांबून सांगतो. पान्हा पिशवीत टाकला आणि बसलो गाडीत.

वस्ती म्हणजे पत्र्याच्या सत्तरेक खोल्या. विटांसाठी माती काढून काढून शेजारी मोठा खड्डा पडलेला, त्यात साचलेलं पाणी सगळे प्यायचे. आम्ही बोअरवर मोटर बसवली, वाळूची गाळणी लावली, वर दोन हजार लिटरची टाकी चढवली आणि खाली चार नळ. तिसऱ्या दिवशी नळ सोडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. वस्ती मात्र हाताची घडी घालून उभी. एक हंडा पुढे सरकेल तर शपथ.

गर्दीतून एक उंच, वाळकी बाई पुढं आली. पदर कमरेला खोचलेला, हातात काचेची बरणी. तिनं नळाकडं पाहिलंच नाही, ती आमच्या म्होरक्या पोराच्या हाताकडं पाहत होती. त्याच्या हातात होती दुकानातून आणलेली सीलबंद बाटली.

"पाणी चांगलं आहे ना?" तिनं विचारलं.

"एकदम शुद्ध, आजी."

"मग तू ते का पितोयस?"

पोरगं बाटली पाठीमागं लपवायला लागलं. गाडीत तसल्या बाटल्यांची आठ खोकी होती आणि ती सगळ्यांनी पाहिलेली. बाईनं बरणी नळाखाली धरली, वास घेतला, नाक मुरडलं आणि चालती झाली. तिच्या मागोमाग वस्तीही.

मी मग तिची माहिती काढली, कारण मला राहवत नाही. तरुणपणी ती आणि तिचा नवरा विहिरी उपसायचे. तिला दोर कमरेला बांधून खाली सोडायचे आणि ती गाळाच्या टोपल्या भरून द्यायची. एकदा वर ओढताना दोर अडकला, तर ही दीड तास विहिरीत गाणी म्हणत बसली होती म्हणे, आणि वरच्यांना खालून शिव्याही देत होती. विहीर साफ झाली की तिचा सासरा त्यातलं पाणी भांड्यात घेऊन एक मासोळी सोडायचा. एक दिवस जगली तर पाणी प्यायचं. पुढं अशाच कुणी भल्या माणसांनी वस्तीत हातपंप बसवला, फोटो काढले आणि गेले. त्यांच्या शब्दावर विसंबून हिनं मासोळी सोडली नाही. नवरा पहिला प्यायला, तीन आठवडे अंथरुणाला खिळला, तो पूर्वीसारखा उठलाच नाही. ही विचारायला गेली, तर पाणी उत्तम असल्याचा कागद तिला दाखवला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मग हिनं पाणी का पारखू नये?

आणि आता तिच्या घरात सून होती, आठवा महिना लागलेली. गेल्या साली खड्ड्यातल्या पाण्यानं हगवण लागून त्या पोरीचं एक मूल पोटातच गेलेलं. हे मला सुनेनंच सांगितलं, उंबऱ्यात बसून, सासूचं लक्ष नाही असं पाहून. वस्ती पारखिणीच्या शब्दावर चालायची, पण पारखिणीचा जीव अडकला होता तो या एका पोटात.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं बरणी आणून नळाशी ठेवली. मासोळी पांढरं पोट वर करून तरंगत होती. पाचव्या दिवशी दुसरी मासोळी, तशीच. आता म्होरक्याचं डोकं फिरलं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, हिचा भाचा पाण्याचे कॅन विकतो. म्हणजे बाई त्याच्या बाजूची, मेलेले मासे आणून ठेवते आणि लोकांना भडकवते. मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू, मी दिवसभर तिच्या दारासमोर विडी ओढत पाळत ठेवली. ती मला पाहत होती, मी तिला. दोघं एकमेकांना अगदी पाण्यात पाहत होतो म्हणा ना. दुपारी ती स्वतः खड्ड्यावर गेली, पदरानं एक जिवंत मासोळी पकडली, टाकीचं पाणी बरणीत घेतलं आणि माझ्या पुढ्यात, पायरीवर ती बरणी ठेवली.

"बसा आता," म्हणाली, "डोळ्यांत तेल घालून."

बसलो. मासोळी गरागरा फिरली, वर येऊन तोंड उघडझाप करू लागली. तासाभरात कलंडली. मी बरणी उचलून हुंगली. दवाखान्याच्या फरशीचा वास. जंतू मारायची पूड टाकीत मीच टाकली होती. पुडक्यावर लिहिलं होतं, हजार लिटरला एक चमचा. मी आपला विहिरीत टाकायच्या सवयीनं ओंजळ भरून टाकली, अंदाजपंचे दाहोदरसे. जास्त टाकलं तर जास्त शुद्ध, असा माझा चौथी पास हिशोब.

नातीला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, आजोबा, मुकाट्यानं टाकी रिकामी करू, कुणाला कळणार नाही. आधीच कुणी विश्वास ठेवत नाही, त्यात हे कळलं तर संपलंच. पोरीचं चुकत नव्हतं. पण पायरीवर ती बाई बसलेली, मागं उंबऱ्यात पोटावर हात ठेवून सून. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे मला जमेना.

मी पारखिणीसमोर जाऊन उभा राहिलो. "बाई, तुमची मासोळी खरं बोलली. चूक माझी आहे. पूड मी जास्त टाकली."

वाटलं, आता वस्ती गोळा करून माझी धिंड काढणार.

"किती?"

"ओंजळभर."

"आणि टाकायची होती?"

"दोन चमचे. टाकी दोन हजारांची."

"पंप बसवणाऱ्यांतला एकसुद्धा असं बोलला नव्हता," ती म्हणाली. मग उठली. "चला, मला दाखवा."

टाकीचा खालचा नळ उघडून सगळं पाणी सोडून दिलं, टाकी पुन्हा भरली. ती शिडीवरून वर चढली, पासष्टीची बाई, आणि दोन्ही चमचे सपाट आहेत का ते बोटानं पाहून तिनं स्वतः पूड टाकली. मी म्हटलं, थोडी पूड लागतेच, पण मासोळीचा जीव नाजूक. पाणी पसरट भांड्यात एक दिवस उन्हात ठेवा, उग्रपणा उडून जाईल. तिनं परातभर पाणी ठेवलं. मी मात्र नळाचं पाणी तसंच, उन्हात न ठेवता, तिच्यासमोर पेलाभर प्यायलो, त्या दिवशी चारदा. दर वेळी ती माझी जीभ बाहेर काढायला लावून बघायची. काय बघायची, तिलाच ठाऊक. बाटल्यांची खोकी पोरांनी गाडीतून उतरवून नळाजवळ रचली आणि आमचे सगळे नळाचंच पाणी प्यायला लागले.

सहाव्या दिवशी संध्याकाळी परातीतलं पाणी बरणीत गेलं, बरणीत मासोळी. सातव्या दिवशी सकाळी सगळी वस्ती तिच्या दाराशी. मासोळी बरणीत मजेत फिरत होती, शेपटी हलवत. पारखिणीनं त्याच परातीतलं उरलेलं पाणी पेल्यात ओतलं, आधी स्वतः प्याली, मग सुनेला दिलं. सुनेनं एक घोट घेतला. सासू तिच्याकडं, जशी बरणीकडं बघायची, तशी टक लावून बसली. पोरगी हसून म्हणाली, आत्याबाई, मी काही उलटी होऊन तरंगणार नाही. तेव्हा कुठं बाई हसली, आणि बायकांनी हंडे उचलले.

दुपारी गाडी निघताना ती खिडकीशी आली. हातात आमच्याच रिकाम्या बाटल्यांतली एक, नळाच्या पाण्यानं भरलेली.

"वाटेत लागेल. मासोळी काढून घेतलीय."

मी पिशवीत ठेवायला गेलो, तर तिनं माझा हात धरला.

"इथंच अर्धी प्या. मला बघू दे."