समुद्र न ओलांडता

गोदू,

मी तंजावर सोडलं त्या सकाळी आपली आई समोर आली नव्हती, हे तुला आठवत असेल. विधवेनं निघणाऱ्याच्या वाटेत येऊ नये, म्हणून ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. शकुनासाठी शेजारच्या एका सवाष्णीला भरली घागर घेऊन बोलावलं होतं. सख्ख्या आईचं तोंड न बघता परक्या बाईची घागर बघून मी घराबाहेर पडलो. आपल्या लोकांच्या शहाणपणाला तोड नाही. मी बाहेरच्या तिण्णैवर वळकटी बांधत होतो, तेवढ्यात आतून तिचा आवाज आला.

"हे बग कण्णा, मद्रासेस जा, खेळ, पण समुद्र ओलांडूं नको. मला दुसरा लेक नाही. शेवटचं पाणी तुज्याच हातचं पडूं दे."

मी ओट्यावरूनच "बरं" म्हटलं आणि स्टेशनची वाट धरली. गाडी चुकेल या घाईत माणूस काय वाटेल ते कबूल करतो.

तुझ्या मुलांना आता हे हसण्यासारखं वाटेल. समुद्रापार गेलेल्याच्या हातून घरचं श्राद्ध चालत नाही, असं तेव्हा आपल्या गल्लीत सगळे मानत. आणि माझं जाणं तर समुद्राच्या रोखानंच होतं. शाळेतल्या दोरेनं, गोऱ्या मास्तरानं, नारळाच्या खोडाला लोखंडी कडं ठोकून आम्हाला बास्केटबॉल शिकवला. माझी उंची ताडासारखी वाढली होती, ती पहिल्यांदा कुठे तरी उपयोगी पडली. त्या वर्षी परदेशात मोठे सामने भरायचे होते. दक्षिणेतल्या संघांचे निवड सामने मद्रासेत होणार होते, आणि जो संघ जिंकेल तो बोटीनं जाणार होता. मद्रासच्या संघात माझं नाव होतं.

मद्रासेत मी महिनाभर सुखात होतो. हॉस्टेलचं सांबार पाण्यासारखं असायचं, मेसमध्ये माझं मराठी ऐकून पोरं विचारायची, "कुठल्या देशचा रे तू?" तंजावरचा म्हटलं तर त्यांना पटत नसे. पण चेंडू हातात आला की कुणी काही विचारत नसे. आमचा कॅप्टन देवसहायम तिरुनेलवेलीचा. त्यानं आधीच कुठून तरी जुना लोकरी कोट मिळवून पेटीत ठेवला होता. बोटीवर थंडी वाजते म्हणे.

शेवटचा सामना म्हैसूरच्या संघाशी होता. दोन्हीकडचे गुण बरोबरीत, वेळ संपत आलेली, आणि मला फ्री थ्रो मिळाला. तो मी झोपेतही टाकला असता. रेघेवर उभा राहिलो. खरं सांगतो गोदू, कडं मला दिसलंच नाही, स्वयंपाकघराचं दार दिसलं. मी चेंडू कड्याच्या अलीकडच्या काठाला लागून पडेल इतकाच जोर लावून टाकला. तो चुकला नाही, मी चुकवला. म्हैसूरच्या पोरांनी तो उचलला, पळत नेला आणि दुसऱ्या टोकाला टोपलीत घातला. सामना संपला. ट्राममध्ये देवसहायम माझ्या खांद्यावर हात टाकून बसला होता. "पोगट्टुम् डा," जाऊ दे रे, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. इतर सगळे खिडकीबाहेर बघत होते.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी घरी आलो तर माळ्याखाली मोठा डबा भरून ठेवलेला होता. त्यात वाळवलेले वडाम, चिंचभातासाठी घोटलेली चिंच, तीळ घालून केलेली पूड. तू म्हणालीस, "आईनंच केलंय सगळं, तुझ्या बोटीसाठी." मी गेल्यावर ती आठवडाभर जेवली नव्हती. मग उठली आणि भटजींच्या दारात जाऊन बसली. बोटीवरून परतलेल्या मुलानं रामेश्वरी स्नान करून प्रायश्चित्त घेतलं तर त्याच्या हातचं पाणी चालेल, असं त्यांच्याकडून वदवून घेतल्यावरच तिथून हलली. तू पत्र लिहायला बसलीस, तर तिनं तुला अडवलं. ही गोष्ट पत्रात नको, बोटीआधी निरोप घ्यायला येईल तेव्हा मीच सांगेन, म्हणाली.

"हरलास कां?" तिनं विचारलं. "असूं दे. तुज्या नशिबांत नव्हतं."

ते वडाम ती मला तळून वाढत राहिली, आणि मी खात राहिलो. त्या घरात मला बसवेना. थोड्याच दिवसांत मी मद्रासेस परतलो आणि तिथेच शाळेत ड्रिल मास्तर झालो. नोकरी आहे, मुलांचे सामने आहेत, अशी कारणं सांगत राहिलो. आधी वर्षातून दोनदा येत असे, मग एकदा, मग दिवाळीलाही नाही. आता माझ्या तोंडात तमिळच जास्त असतं, मराठी बोलताना शब्द शोधावा लागतो. तार आली तेव्हा मी मैदानावर होतो. दुसऱ्या दिवशी पोचलो. अग्नी मी दिला, पण पाणी मामानं दिलं होतं. मी समुद्रापार नव्हतो गं, एका दिवसाच्या गाडीवर होतो.

देवसहायमला मी अजून खरं सांगितलेलं नाही. तुला आज सांगितलं. तू दर पत्रात लिहितेस, "घरी ये, घर तुझंच आहे." तुझ्याकडे येईन. पण ज्या घरात आईला म्हणायचं होतं, "आई, मी हरलो नाही, तुझ्यासाठी चुकवला," त्या घरी मी तिच्यासमोर बसून जेवलो आणि न सांगता परत आलो. आता तिथे सांगायला कुणी नाही.