तुतीला लावलेलं ठिगळ

आमच्या शेजारच्या शिंपीकाकांचं मशीन कायम दारातल्या तुतीखाली. खोलीत एकच खिडकी, तीही आमच्या घराच्या भिंतीकडे तोंड करून. काकांचे डोळे अधू, त्यांना बाहेरचाच उजेड लागतो. सदऱ्यावर तुती पडून डाग पडला तर गिऱ्हाइकालाच ऐकवणार, "नक्षी फुकट आहे, ने."

या उन्हाळ्यात तुतीच्या बुंध्याला चीर पडली आणि आंबूस वासाचा रस झरायला लागला. त्यावर तिळाएवढे तपकिरी भुंगेरे जमले. काका चिमट्याने एकेक वेचून डबीत भरायचे.

"काका, जपून ठेवा. ब्लाउजला बटणं होतील," मी म्हटलं.

"तू हस. हे मेले माझं झाड पितायत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. मग काकांनी शिंप्याचा इलाज केला. जुन्या कॅनव्हासला मेण फासून चिरेवर ठिगळ लावलं आणि सुतळीने करकचून आवळलं.

"माझ्या गुडघ्याला कधी इतक्या मायेने पट्टी बांधली नाहीत," काकू म्हणाल्या.

भुंगेरे दिसेनासे झाले. काका आठवडाभर ऐटीत होते. पुढे महिन्याभरात पानं पिवळी पडून गळायला लागली, तेव्हा त्यांनी माळ्याला बोलावलं.

माळ्याने ठिगळ सोडलं तसा शिळ्या दारूसारखा भपका आला. आत लाकूड भिजलेल्या पावासारखं झालेलं, आणि त्यात भुंगेरेच भुंगेरे.

"यांनी झाड नाही मारलं," माळी म्हणाला. "हे कुजक्यावर, आंबलेल्या रसावर येतात. सड आधीच लागली होती."

"आणि मी झाकलं ते?"

"ओल आतच कोंडली. उघडं असतं तर वाळलंही असतं कदाचित. सांगता येत नाही." त्याने चिरेत हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. "आता हे घरावर पडेल. उतरवावंच लागणार."

"वरच्या दोन फांद्या हिरव्या आहेत. तेवढ्या ठेव ना."

"कशावर ठेवू, काका?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पडलेली सुतळी उचलून गुंडाळायला लागले.

झाड गेलं, मशीन खोलीत आलं. काल सकाळी काकांनी हाक मारली. दिवा लावलेला, दोऱ्याचं टोक थुंकी लावून लावून पिंजलेलं. मी ते कापून सुई ओवून दिली आणि निघाले.

"थांब जरा," काका म्हणाले. त्यांनी सुयांची पुडी पुढे सरकवली. "आलीच आहेस तर या सगळ्याच ओवून ठेव."