नावापुढं काय लिहू

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. निवृत्तीच्या समारंभात बोलायची संधी होती, तेव्हा मी ग्रंथालयाच्या वाढीवर बोललो. नंतर कॉलेजच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा जुन्या इमारतीमागच्या चिंचेवर लिहिलं. चिंचेचं मी काही वाकडं केलेलं नव्हतं, त्यामुळे ते सोपं गेलं.

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी गणित शिकवत असे. शेवटची काही वर्षं विभागप्रमुख होतो. आमच्याकडे अजून असं सांगतात, की गणित विभागातल्या एका प्राध्यापिकेची नोकरी गेली ती तिने हलक्या जर्नलात लेख छापला म्हणून. हे साफ खोटं आहे. जर्नल उत्तम होतं. ते हलकं ठरवणारी समिती हलकी होती, आणि त्या समितीचा अध्यक्ष मी होतो.

समिती का नेमली तेही सांगतो. कॉलेजला दर्जा देण्यासाठी बाहेरून पाहुणे येणार होते. चादर आणि शेंगाचटणी देऊन त्यांची बोळवण करायची हे आम्हाला ठाऊक होतं, पण या खेपेला ते संशोधन विचारणार अशी बातमी आली. तोवर आम्हाला ते कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आम्ही ते केलं नव्हतं. बातमी आली आणि वर्षभरात सगळं कॉलेज संशोधक झालं. ज्यांच्या नोट्स वाळवीनेसुद्धा अर्ध्यात सोडल्या होत्या, त्यांचे लेख धडाधड छापून येऊ लागले. मग कोणत्या जर्नलातला लेख धरायचा आणि कोणत्यातला नाही, हे ठरवायला तिघं बसलो: मी, मेकॅनिकलचे विभागप्रमुख आणि प्राचार्य.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा आणि खारी घेत आम्ही विद्वत्तेला गुण दिले. नावात ‘इंटरनॅशनल’ असेल तर गुण. कव्हर गुळगुळीत असेल तर गुण. वेबसाइटवर संपादक मंडळाचे फोटो असतील तर गुण, त्यांत गोरे चेहरे असतील तर जास्त. आणि लेख जितक्या लवकर छापून येईल तितके गुण अधिक. ही शेवटची भर मेकॅनिकलच्या प्रमुखांची. त्यांचं म्हणणं, जे जर्नल आठवड्यात छापतं ते कार्यक्षम. पंक्चरवाल्यालासुद्धा हीच कसोटी लावतात. एखादा अंक उघडून एखादा लेख वाचावा, असं तिघांपैकी कुणालाही सुचलं नाही.

मला सुचायला हवं होतं. पण मीच एका जर्नलच्या संपादक मंडळावर होतो. एके दिवशी ‘आदरणीय थोर विद्वान’ अशी सुरुवात असलेली मेल आली, आणि ती चुकून आली असावी अशी शंका मला आली नाही. मी फोटो पाठवला. त्यांनी प्रमाणपत्र पाठवलं. ते लॅमिनेट करून मी खुर्चीमागे लावलं. त्या जर्नलच्या नावात इंजिनिअरिंग होतं, उपयोजित गणित होतं, व्यवस्थापन होतं, आणि काही राहून गेलं असेल तर शेवटी ‘आणि इतर शास्त्रे’ होतं. माझा उष्णतावहनावरचा लेख त्यांनी डाळिंबाच्या तेल्या रोगावरच्या लेखाला लागून छापला. त्यातला आलेख उलटा छापला गेला होता, त्यामुळे माझी लोखंडी सळई थंड होता होता तापत गेली. हे कुणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. या जर्नलला आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले.

आता ती. ती माझीच विद्यार्थिनी. शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, यंत्रमागांच्या खडखडाटात अभ्यास करून वर आलेली. वर्गात मी तिला ‘तू’ म्हणायचो. कॉलेजात कंत्राटावर लागल्यावर चारचौघांत ‘मॅडम’ आणि केबिनमध्ये पुन्हा ‘तू’. तिने एक लेख लिहिला होता. मागावर वेगाने पळणारा धागा थरथरतो, त्या थरथरीचं समीकरण आणि धागा कोणत्या वेगाला तुटेल याचा हिशेब. हे एवढं मी पुष्कळ उशिरा वाचलं. तेव्हा फक्त शीर्षक पाहिलं होतं.

आमच्याकडे एक रीत होती, अजूनही असेल. विभागातून कोणताही लेख बाहेर जाताना त्यावर प्रमुखाचं नाव जायचंच. नाव घालणाऱ्याला त्यात गैर वाटत नसे आणि घालून घेणाऱ्याला तर नाहीच. नव्या घरावर काळी बाहुली टांगतात तसं ते नाव टांगलेलं असे. अशा कितीतरी लेखांचा मी लेखक आहे.

ती रीत पाळायलाच ती माझ्याकडे आली होती. हातात लेखाचे कागद, पेन उघडलेलं.

“सर, या जर्नलला प्रत्येक लेखकानं नेमकं काय काम केलं ते एका वाक्यात लिहून द्यावं लागतं. माझं लिहिलंय. तुमच्या नावापुढं काय लिहू?”

“मार्गदर्शन लिही की.”

“लिहिलं होतं सर. ते विचारतात, कशाचं?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी तिला झापून मोकळा झालो असतो. ती पेन धरून उभी होती, मी वर्गात गणित सांगायचो तेव्हा बसायची तशीच, उत्तर येणार या खात्रीनं.

“राहू दे,” मी म्हणालो. “तुझ्या एकटीच्या नावानं जाऊ दे. मला आता या वयात काय करायचंय.”

“खरंच सर?” तिला तो माझा मोठेपणा वाटला. तिच्या चेहऱ्यावर जो आदर दिसला, त्याचाच मला जास्त राग आला.

घरी गेल्यावर बायकोला म्हणालो, “विभागातली ती पोरगी माजलीय.”

“काय केलं तिनं?”

“प्रश्न विचारला.”

“मग मास्तर आहात ना? द्यायचं उत्तर.”

ते जर्नल मला चांगलं ठाऊक होतं. तरुणपणी मीही त्यांना एक लेख पाठवला होता. चांगल्या जर्नलची रीत अशी की आलेला लेख त्या विषयातल्या दोघा-तिघा अनोळखी जाणकारांकडे जातो, आणि ते त्यात खोट शोधतात. माझ्या लेखातली खोट त्यांना दुसऱ्याच पानावर सापडली. ती खरी होती. मी तो लेख पुन्हा कधी हातात घेतला नाही. तिचा लेखही त्यांनी दोनदा शंका काढून परत पाठवला होता. तिने दोन्ही वेळा उत्तरं दिली, एक संपूर्ण भाग नव्याने मांडला, आणि वर्ष उलटून गेल्यावर लेख छापून आला.

पुढे विभागात एक कायम जागा निघाली. त्या जागेसाठी मान्य जर्नलातला लेख हवा होता, म्हणून तिचं जर्नल समितीपुढे आलं. तिला बाहेर बसवून ठेवण्याऐवजी प्राचार्यांनी आत बोलावलं, हे त्यातल्या त्यात सभ्य.

मेकॅनिकलच्या प्रमुखांनी अंक दोन बोटांत धरला. “कव्हर बघा की हे. रेशनकार्डागत हाय. आणि लेखाला एवढे दिवस? मॅडम, हे जर्नल हाय का सरकारी दवाखाना?”

प्राचार्य हसले. मीही हसलो.

“सर, ते तपासतात म्हणून वेळ लागतो,” ती म्हणाली, आणि परीक्षकांच्या शंकांची पानं तिने टेबलावर ठेवली. एखाद्यानं पदक ठेवावं तशी ठेवली. जर्नल किती बारकाईनं वाचतं याचा याहून मोठा पुरावा तिच्या मते नव्हता. माझ्याही मते नव्हता.

मेकॅनिकलच्या प्रमुखांनी पानं चाळली. “अयाया. एवढ्या चुका काढल्यात होय? म्हणजे लेख लई कच्चा होता की.”

“सर, तसं नसतं...” ती माझ्याकडे वळली. “सर, तुम्ही सांगा ना.”

माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाने तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. परीक्षकांच्या शंका हेच जर्नलच्या दर्जाचं लक्षण, एवढंच. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ते समजावता आलं असतं. मी अंक हातात घेतला, उलटून मागचं कव्हर पाहिलं, जणू औषधाची मुदत पाहतोय, आणि म्हणालो, “ठीक आहे मॅडम. तुम्ही या आता.”

ती गेल्यावर मी स्वतःच्या हातानं शेरा लिहिला: अमान्य. जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचे तीन लेख माझ्या त्या जर्नलात होते, तिन्हींवर माझं नाव होतं. सत्र संपलं तशी तिची कंत्राटी नोकरीही संपली. पाहुणे आले, चादरी घेऊन गेले, कॉलेजला चांगला दर्जा मिळाला. मला प्रमाणपत्र देणारं जर्नल पुढं एकाएकी वेबसाइटसकट नाहीसं झालं. थोर विद्वान तेवढे मागे उरले.

निवृत्त झाल्यावर मी तिचा लेख वाचला. पेन्सिल घेऊन बसलो होतो, कुठं खोट निघाली तर जरा बरं वाटेल म्हणून. निघाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात रिक्षा करून शहरातल्या जुळे सोलापूर भागात गेलो. तिथं ती इंजिनिअरिंगच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते. काय बोलायचं ते वाटेत घोकत होतो. ती जिन्यापर्यंत सामोरी आली.

“सर, या की. ऊन किती आहे, फोन करायचा ना.” आणि वर्गाकडे वळून, “उभे राहा रे. डिफरन्शियल इक्वेशन मला यांनी शिकवलं.”

मुलं उभी राहिली. तिने दोन शब्द बोलायचा आग्रह केला. मी बोललो. कशावर बोललो ते लिहायलाही लाज वाटते: संशोधनातला प्रामाणिकपणा. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना ती जिन्याच्या तोंडाशी थांबली. “सर, एक विचारू? माझा तो धाग्यावरचा लेख तुम्ही कधी वाचला का?”

“वाचला तर. फार चांगला आहे.”

“मग?”

एवढंच म्हणाली ती. पूर्वीसारखीच, उत्तर येणार या खात्रीनं. मी कठडा धरून म्हणालो, “या पायऱ्या जरा उंचच आहेत हं,” आणि खाली उतरलो. रिक्षावाला थांबलेला होता.

घोकलेली वाक्यं परतीच्या वाटेवर जशीच्या तशी आठवत होती. ती इथे लिहितो, कारण तिच्यासमोर ती माझ्या तोंडून आता निघतील असं वाटत नाही. जर्नल चांगलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या नावापुढं काय लिहू असं तू विचारलंस, आणि लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी तुझी नोकरी घालवली. मला माफ कर.