मला हसले, की सेक्रेटरीला?

दुपारी अम्मीच्या पलंगावर आडवी होते. काल पुण्यात माझ्या सिनेमाचा पहिला खेळ झाला, आणि रात्रभर एसटीत बसून सकाळी चिपळूणला पोचले. डोळे मिटले तरी अंगात अजून बसचे हेलकावे आहेत. स्वयंपाकघरात अम्मी भांडी लावतेय. घरात आम्ही दोघीच. भांड्यांचा आवाज लांब लांब जातो, आणि कुणीतरी बसल्यासारखा पलंग जरा खचतो.

रुकय्या खाला आहे. अम्मीची धाकटी बहीण, माझ्या सिनेमाची नायिका. एडिटिंग चालू असताना गेली.

"पाय घे गो तस्नीम," ती म्हणते.

मी पाय घेते, तर आम्ही थिएटरात. खुर्च्या आमच्या ओटीवरच्या. पडद्याच्या जागी खाडी आहे आणि भरतीचं पाणी पहिल्या रांगेपर्यंत आलंय. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

खाडीवर सिनेमातली खाला दिसते. बुरखा घालून भाड्याची खोली बघायला आलीय. सोसायटीचा सेक्रेटरी तिला सांगतोय, तुमच्या मटणाचा वास आम्हाला चालायचा नाही. आता खालाने जन्मात मटण खाल्लेलं नाही, अंडं फोडलं तरी तिला मळमळतं. खरंच तशी होती ती. त्यावरूनच मी गोष्ट लिहिली. खोली मिळते, आणि दर शुक्रवारी कुणीतरी हळूच दार वाजवून बिर्याणी मागतं. शेवटी डबा घेऊन सेक्रेटरीच येतो.

"लोक हसले?" शेजारची खाला विचारते.

"पोट धरून."

"मला हसले, की सेक्रेटरीला?"

शूटिंगच्या वेळीही रोज हेच विचारायची. बुरख्यातली बाई पडद्यावर आली की लोक घाबरतात, नाहीतर कीव करतात, म्हणायची. हसू देत, पण माझी फजिती नको.

"सेक्रेटरीला," मी म्हणते. "एक गृहस्थ तर तसलेच होते. स्वतःलाच हसत होते बहुतेक."

"मग बरं. तू हसलीस?"

"मी बाहेर उभी होते."

"का गो?"

"तू एवढी मोठी दिसत होतीस. आणि दर वेळी तेवढंच बोलतेस, खाला. पुन्हा लावलं तरी तेवढंच."

ती उठते, पाण्यातून चालत खाडीपर्यंत जाते आणि सेक्रेटरीच्या हातातला डबा घेते. त्यात बघून म्हणते, "वांग्याची भाजी आहे साहेब. वासाला चालेल का, हुंगून बघा."

हे मी लिहिलेलं नाही. सेक्रेटरी खरोखर वाकून हुंगतो, आणि खालाला उचकी लागल्यासारखं तिचं ते हसू सुटतं. मलाही आवरत नाही.

"खाला, थांब. कॅमेरा आणते. परत म्हण."

"आता नाही गो," ती म्हणते. पाणी तिच्या कमरेला लागलंय.

मी हसता हसताच जागी होते. उशी ओली झालीय. अम्मी दारात उभी आहे, हातात चहाचा ट्रे.

"झोपेत हसत होतीस," ती म्हणते. "मला आत वाटलं..."

ट्रेमध्ये तीन कप आहेत. तिलाही ते आत्ताच दिसतं. एक कप परत न्यायला उचलते, घुटमळते, आणि खिडकीत ठेवते.

त्यात साखर घातलेली नाही. खालाला चालायची नाही.