उंगबेक आजोबांचा चेहरा

प्यो चांगरोकने टीव्हीवर सफरचंद भिरकावलं तेव्हा तो एकोणऐंशी वर्षांचा होता, आणि नेम जराही चुकला नाही. पडद्यावर किल्लेदार प्यो उंगबेक चोरपावलांनी किल्ल्याचा उत्तर दरवाजा उघडत होता. बाहेर जपानी फौज दात काढून उभी होती.

"खोटारडे! आमचे आजोबा त्या दरवाजाला पाठ लावून मेले! उघडतात कसले!"

"टीव्ही फुटला तर नवा कोण आणणार, तुमचे उंगबेक आजोबा?" बायको ओक्सुन स्वयंपाकघरातून म्हणाली. पण तिनेही हातातली सुरी खाली ठेवली होती.

चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या या पूर्वजासाठी चांगरोकने आपलं आयुष्य घातलं होतं. ऐन पंचविशीत त्याला बुसान बंदरात नोकरी लागली होती. थोरल्या घराचा थोरला मुलगा गेला तर पूर्वजांना दारूचा पहिला पेला कोण देणार, म्हणून वडिलांनी जाऊ दिलं नाही. तो सफरचंदाच्या बागेत राबला, आणि दरवर्षी दहाव्या चांद्रमासात टेकडीवरच्या थडग्यापुढे उभं राहून साऱ्या भाऊबंदांना उंगबेकचं मरण मोठ्याने वाचून दाखवत राहिला. उंगबेकचं चित्र कुठेच नव्हतं. म्हणून लहानपणीच त्याने आजोबांना एक चेहरा देऊन टाकला होता: रुंद कपाळ, जुळलेल्या भुवया, थेट वडिलांसारख्या. वाचताना तो डोळे मिटायचा आणि तो चेहरा समोर यायचा.

आणि हा भामटेपणा घडवायला त्यानेच हातभार लावला होता, हे जास्त झोंबत होतं. दोन वर्षांपूर्वी मालिकेची लेखिका बान येरिन गावात आली. बाई कसली, साखरेची पुडी! थडग्यापुढे तिने कपाळ जमिनीला टेकवून रीतसर दोनदा नमस्कार केला आणि म्हातारा विरघळला. जावयांनाही हात लावू न दिलेली घराण्याची वंशावळ त्याने तिला तीन दिवस वाचायला दिली. वर भाताचे वाफवलेले केक आणि घरची दारू! घोड्याचं नाव, दरवाजाची दिशा, "माझ्या अंगावरून जा" हे शेवटचं वाक्य, सगळं तिने टिपून नेलं. मालिकेत हे सगळं होतं. फक्त घोडा फितुरीचं पत्र नेत होता, आणि शेवटचं वाक्य एका कोवळ्या, देखण्या, कधी जन्मालाच न आलेल्या नायकाच्या तोंडी होतं.

भाऊबंदांना घेऊन तो राजधानीत, सोल शहरात गेला, चॅनेलच्या दारात बसला. तिसऱ्या दिवशी लेखिका खाली आली.

"आजोबा, वेढा सोळा भाग चालवायचा तर आत कुणी फितूर नको का? लोकांना खलनायक लागतो. शेवटी ही कल्पित कथा आहे."

"कल्पित? मग नाव खरं कशाला?"

"खऱ्या नावाने वजन येतं."

"मग तुझ्याच आजोबांचं नाव लाव की! ते हलके पडतात का?"

तिने गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. बोलला तो चांगरोकचा चुलतभाऊ दालसू, आणि सगळ्यांसमोर बोलला. "दादा, तिला काय म्हणून बोलता? वंशावळ हातात दिलीत तुम्ही. शत्रूला दरवाजा कुणी उघडला, ते कळलं आम्हाला."

या बोलण्यानंतर परतीच्या बसमध्ये चांगरोकने डबा उघडला नाही.

सहा आठवड्यांनी चॅनेलने भागाच्या शेवटी तीन सेकंद एक बारीक ओळ दाखवली: यातील घटना काल्पनिक आहेत. भाऊबंदांनी ती जिंकल्यासारखी साजरी केली. चांगरोकला त्या ओळीचीही चीड आली. तोवर लोक टीव्ही बंद करून दात घासायला गेलेले असतात.

दहावा महिना आला. पांढरे झगे, घोड्याच्या केसांच्या काळ्या टोप्या, थडग्यापुढे सुकी बोरं, चेस्टनट, सुकी मासळी. चांगरोकने खणखणीत आवाजात वाचलं: दरवाजाला पाठ लावून, एकटे, अखेरपर्यंत. मग सवयीने डोळे मिटले.

समोर आला तो टीव्हीवरचा नट. पातळ मिशी, तुपकट गाल, कडी काढताना वळवळणारी बोटं. चांगरोकने डोळे घट्ट मिटून वडिलांचं कपाळ आठवून पाहिलं. नट हलला नाही. चौपन्न वर्षं ज्याला पेला दिला त्याची त्याला किळस आली, आणि पेला हातातच राहिला.

"दादा, ओता," मागून दालसू पुटपुटला. "सगळे थांबलेत."

त्याने ओतलं. मग रीतीप्रमाणे दोनदा वाकला, आणि दोन्ही वेळा डोळे उघडेच ठेवले.