खालच्या ओळी

आमचं ऑफिस नोएडात आहे. तिथल्या मीटिंग रूममधला पांढरा बोर्ड काढून टचस्क्रीन लावायची असं डायरेक्टरसाहेबांनी ठरवलं, आणि कोणती घ्यायची ते बघायचं काम माझ्याकडे आलं. जानेवारी होता. तो बोर्ड सगळ्यात जास्त वापरणारा माणूस त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये डेंग्यूने गेला होता.

ते माझे सीनियर. मूळचे अमरावतीकडचे. यूपीएससीसाठी दिल्लीत आले, परीक्षा राहून गेली आणि माणूस इथलाच झाला. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. चारचौघांत हिंदी, पण लिफ्टचं दार लागलं की लगेच, "काय गं, डब्यात काय आज?" लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते व्हीलचेअरवर असत. बोर्ड भिंतीवर उंच ठोकलेला, त्यांचा हात फक्त खालच्या भागापर्यंत पोहोचायचा. त्यामुळे त्यांचं म्हणणं नेहमी बोर्डाच्या तळाशी असायचं आणि आम्ही वाकून वाचायचो. डस्टर वर अडकवलेलं, म्हणून ते तळहातानेच पुसत. उजवीकडून डावीकडे, एका झटक्यात. बोर्ड खाली घ्या असं त्यांनी कितीदा तरी सांगितलं. प्रत्येक वेळी 'हां हां, बिल्कुल' असं उत्तर मिळालं आणि बोर्ड होता तिथेच राहिला.

पहिली स्क्रीन दुकानदाराच्या इंजिनिअरने ट्रायलसाठी आणली, चांगली भिंतीच्या अर्ध्याइतकी मोठी, आणि बोर्ड होता त्याच जागी, त्याच उंचीवर लावली. तरुण, बोलका माणूस होता. त्याने समजावून सांगितलं, की काचेच्या चारी बाजूंच्या चौकटीतून न दिसणारे किरण जातात. मध्ये बोट आलं की स्क्रीन लिहिते, अख्खा तळहात आला की पुसते.

साहेब खूश झाले. त्यांनी मला लिहायला सांगितलं. कोणकोणत्या कामांसाठी स्क्रीन लागेल ते मी वरपासून खालपर्यंत लिहीत गेले आणि बाजूला झाले. आम्ही सगळे बघत होतो. खालच्या दोन ओळी पुसल्या गेल्या. एकदम नाहीत. आधी उजवीकडचे शब्द गेले, मग मधले, मग डावीकडचे. किंचित वक्र पट्टा मागे राहिला, हात फिरल्यासारखा.

"नीचे का हिस्सा खराब है क्या?" साहेबांनी विचारलं.

इंजिनिअर खाली वाकला, बोटाने रेघा मारून पाहिल्या. सगळं नीट चाललं. त्याने खिडकीकडे पाहिलं. दुपारचं तिरपं ऊन आत आलं होतं. "सर, धूप है. सीधी धूप पडे तो कभी कभी ऐसा होता है." पडदे ओढले गेले. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, कारण ते पटवून घेण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी धुकं आलं. नोएडातलं जानेवारीतलं धुकं, समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. मेट्रोतून उतरून ऑफिसात पोहोचेपर्यंत माझी शाल ओली झाली होती. अर्धे लोक अजून रस्त्यातच अडकलेले. मी स्क्रीन चालू करून बसले, वेगवेगळ्या स्क्रीनच्या तुलनेचा तक्ता तयार करायचा होता. खिडकीबाहेर नुसता पांढरा कापूस. उन्हाचा प्रश्नच नव्हता.

मी तळाशी एक ओळ लिहिली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. काही झालं नाही. स्वतःचंच हसू आलं. मग चहाचा कप उचलायला मान वळवली आणि परत पाहिलं तर ओळ उजवीकडून निम्मी गेलेली. माझ्या डोळ्यांदेखत उरलेली निम्मी गेली.

खोलीत एअर प्युरिफायर घरघरत होता. बाकी आवाज नाही. मी उठले. काचेवर माशी, कोळी, जळमट काहीतरी असेल म्हणून खाली बसून पाहिलं. काच स्वच्छ होती. मग मी काय केलं ते मी घरी नवऱ्यालाही पुष्कळ दिवस सांगितलं नाही. मी तळाशी मराठीत लिहिलं, "सर, तुम्ही आहात का?"

ते पुसलं गेलं नाही. मी उभी राहून वाट पाहिली. ती ओळ तशीच राहिली, आणि पुसली गेली असती त्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली. दारात कोणाची तरी चाहूल लागली तशी मी स्वतःच घाईने ते पुसून टाकलं. काच त्या ठिकाणी कोमट लागली. स्क्रीन चालू असली की गरम होतेच, हे मला माहीत आहे.

त्याच आठवड्यात निर्णयाची मीटिंग झाली. साहेबांना ही भिंतीवरचीच पसंत होती. दुसरी एक होती, जरा लहान, मोटर बसवलेल्या स्टँडवरची. बटण दाबलं की वरखाली होणारी.

मी म्हटलं, "सर, स्टँडवाली बेहतर रहेगी. नीचे आ जाती है."

"किसके लिए?" साहेब सहज म्हणाले. "अब तो अपने यहाँ ऐसा कोई..."

ते तिथेच थांबले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, स्क्रीनवर होती. त्यांनीच थोड्या वेळापूर्वी दोन्ही मॉडेलचे फायदे-तोटे लिहिले होते, वर जागा संपली म्हणून शेवटचे मुद्दे तळाशी गेले होते. ते मुद्दे एकेक करून नाहीसे होत होते. पडदे बंद होते. स्क्रीनच्या जवळ कोणीही नव्हतं. अकाउंट्सच्या बाई, ज्या एरवी प्रत्येक मीटिंगमध्ये काहीतरी बोलतातच, त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला.

साहेब उठले. स्क्रीनपाशी गेले आणि खाली वाकले, आम्ही पूर्वी वाकायचो तसेच. पुसल्या गेलेल्या जागेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता ते इंजिनिअरला फोन लावून ओरडतील. पण ते परत येऊन खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, "स्टँडवाली ले लो."

सगळ्यांनी सह्या केल्या आणि नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडले.

इंजिनिअर ट्रायलची स्क्रीन काढायला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो थोडा नाराज झाला. माल खराब आहे असंच मी म्हणतेय असं त्याला वाटलं. पुढे महिन्याभराने नव्या स्क्रीनच्या कामासाठी त्याचा फोन आला, तेव्हा मुद्दाम म्हणाला, "मॅडम, वो वाला पीस गुरुग्राम की एक कंपनी में लगा है. एक भी शिकायत नहीं."

आमच्या नव्या स्क्रीनबद्दलही तक्रार नाही. तीही तशाच किरणांवर चालते. तिच्यावर लिहिलेलं आपोआप कधी गेलं नाही, ना उन्हात, ना धुक्यात. साहेब या विषयावर एकदाही बोललेले नाहीत. मात्र मीटिंग सुरू करताना ते बटण दाबून स्क्रीन पार खाली आणतात आणि बसूनच लिहितात. उंच माणसं कुरकुर करतात, मान दुखते म्हणतात. साहेब ऐकत नाहीत.

मी त्या खोलीत एकटी बसत नाही. काम असलं तर लॅपटॉप घेऊन कँटीनमध्ये जाते. तिथे गोंगाट असतो, परातीत समोसे येत असतात, आणि कोणी ना कोणी शेजारी येऊन बसतंच.